एफ-पी-ई-एस नावाच्या फाइली

३ मार्च, मंगळवार

पुन्हा आल्या! रविवारी सदतीस फाइली पुसल्या होत्या. कचरापेटीसुद्धा रिकामी केली. 'नक्की पुसायच्या?' असं विचारलं, त्याला 'हो' म्हटलं. आज दुकानातून आले, कॉम्प्युटर लावला, तर नव्या अकरा. त्याच नावाच्या, त्याच जागी. डोक्यात तिडीक गेली.

नावं माणसाने ठेवलेली वाटतच नाहीत. सगळ्यांत जास्त एकच — एफ, पी, ई, एस आणि शेवटी चौकोनी कंस. तोही नुसता बंद होणारा, उघडणारा नाहीच. त्याच्यापुढे २, ३, ४ असे आकडे. कसल्यातरी सिस्टिमचं उरलंसुरलं असणार. जानेवारीत कॉम्प्युटरवाल्याने साफसफाई केली, त्यानंतरच हे सुरू झालं. साफ करायला बोलावलं आणि घाण करून गेला.

कोर्सचा तिसरा धडा आज पाठवायचा होता. अर्ध्यावर अडकला, गोल गोल फिरत राहिला, मग 'जागा अपुरी' म्हणे. चष्म्याच्या दुकानात चौदा वर्षं काचा पुसल्या आणि फ्रेमा दाखवल्या. हा कोर्स पुरा झाला तर डोळे तपासायच्या खुर्चीशी उभं राहता येईल. ते या भंगारापायी राहायचं?

आणि कॉम्प्युटर आहे कुठे, तर आईच्या खोलीत. ती पलंगावर, मी खिडकीजवळच्या टेबलाशी. मी नुसतं पुटपुटले तरी तिचं आ-आ सुरू. ऑक्टोबरात झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. आज तीनदा ओरडले तिच्यावर. राग फाइलींचा, निघाला तिच्यावर. तिला काय कळतंय म्हणा.

४ मार्च, बुधवार

एका दिवसात नऊ. पुसल्या.

५ मार्च, गुरुवार

दुपारी दुकानातून कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. 'एफपीईएस ना, ताई? ते सिस्टिमचंच असतं. उडवून टाका.' अहो, उडवते, परत येतात! 'मग आत काय लिहिलंय ते उद्या फोनवर वाचून दाखवा.' म्हणजे हा स्वतः तंगडतोड करून इथे येणार नाही.

आज बारा होत्या. त्यांतली एक जशीच्या तशी उतरवून ठेवते, उद्या वाचून दाखवायला. वरच्या ओळीत एफ पी ई एस, बंद कंस. खालच्या ओळीत एन के आर, जागा, एन क्यू, उघडा कंस, के आर के एस, आडवी रेघ. मग मोठा एम, के ओ के, आडवी रेघ. मग उघडा कंस, के के वाय पी के, आडवी रेघ.

एवढंच. बाकीच्यांतही हेच, थोडंफार इकडेतिकडे. दुकानात दिवसभर लोक तक्त्यावरची अक्षरं वाचत असतात. त्या अक्षरांना अर्थ नसतो, फक्त दिसतात का ते बघायचं असतं. आता घरी येऊनही तेच. उतरवून झाल्यावर बाराही पुसल्या.

७ मार्च, शनिवार

जेवणाचा तमाशा. स्वतःच तोंडाकडे बोट दाखवते. डाव्या हाताचं, तेवढाच हात चालतो. म्हणून सूप नेलं. पहिला चमचा आत गेला आणि सगळा माझ्या अंगावर. कोमट करून नेलं, तेच. गार पाणी पाजलं तर अशी किंचाळली की शेजारीण दार वाजवून विचारून गेली, 'सगळं ठीक ना?' ठीक! मग ओठ घट्ट मिटून घेतले. मी चमच्याने उघडायला गेले तर हात असा फिरवला की वाटी भिंतीवर. भिंत पुसली, मग तिला पुसलं, मग स्वतःला.

'भूक लागली का?' विचारलं की मान हलते. पण ती हो म्हणते की नाही हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. झटक्यानंतर तिची मान एकाच पद्धतीने हलते, तिरकी.

फेब्रुवारीत असाच हात फिरवून स्वतःचा चष्मा फोडला तिने. काच आणि काडी, दोन्ही. परवा दुकानातली हिशेबाची पोरगी विचारत होती, 'मॅडम, आईंना नवीन का नाही करत?' तिला म्हटलं, करू सावकाश. बघायचं काय आहे तिला? दिवसभर भिंत तर बघते.

रात्री दादाचा फोन. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकतो. 'अगं, तिला आता काही कळत नाही हे तू एकदा मान्य कर.' मी कधी नाही म्हटलं? शहराबाहेर एक निवास बघितलाय त्याने, अशाच माणसांसाठी. 'ज्यांना समज नाही त्यांचा मजलाच वेगळा आहे, छान आहे.' तिथे एकदा ठेवलं की घरी आणू देत नाहीत, माणूस बिथरतं म्हणे. एकवीस तारखेला येतोय, बावीसला न्यायचं म्हणतो. अर्जावर सही माझी लागणार, कारण सांभाळते मी.

मी 'बरं' म्हटलं. फोन ठेवला आणि दादाचा राग आला. 'बरं' म्हटल्याचा त्याहून जास्त.

८ मार्च, रविवार

उगवला एकदाचा कॉम्प्युटरवाला. बसला, चार बटणं दाबली आणि म्हणाला, 'ताई, या फाइली जागा व्यापतच नाहीत. चिमूटभर आहेत. जागा खाल्लीय तुमच्या फोटोंनी.' मग इतके दिवस मी काय पुसत होते? 'पुसलेलं बरं. उगाच घाण दिसते.' जानेवारीत ढीगभर जुने मराठी फॉन्ट पडले होते, तेही त्याने काढून टाकले, हे छाती फुगवून सांगितलं. 'आता कोण वापरतं ते? आता सगळं मोबाइलसारखं, इंग्रजीत ए-ए-आय मारलं की आई उमटते.' म्हटलं, मला फॉन्टचं पुराण नको, फाइलींचं बोला.

तेव्हा त्याने वेळा दाखवल्या. प्रत्येक फाइल कधी झाली ते तिच्यासमोर लिहिलेलं असतं, मला ठाऊकच नव्हतं. कालच्या आणि परवाच्या सगळ्या सकाळी अकरा ते एकमधल्या. आज रविवार, आज एकही नाही. 'सिस्टिम रविवारची सुट्टी घेत नाही, ताई,' म्हणाला आणि दात काढले. 'हे घरातलंच कोणीतरी आहे.'

अकरा ते एक घरात कोण असतं? आई आणि तिला सांभाळणाऱ्या बाई. आई पलंगावर. मग राहिलं कोण?

मी त्याला दारापर्यंत सोडायलाही गेले नाही. डोकं गरम झालंय. माझ्या घरात, माझ्या खुर्चीत, माझ्या धड्यांच्या बोडक्यावर बसून ही बाई खेळ खेळते आणि मी तिला दर महिन्याला साडी काय देते, जुना मोबाइल काय देते!

९ मार्च, सोमवार

बाई आत आल्या आल्या जाब विचारला. 'मी नसताना कॉम्प्युटरवर बसता तुम्ही?'

त्यांनी हातातला टॉवेल खाली ठेवला. 'मी कशाला बसू, ताई? मला तो लावताही येत नाही. आजी बसतात.'

'कोण?'

'आजी. अंघोळ झाली की खिडकीपाशी बसायला मागतात. खुर्ची तिथे नेली की स्वतःच लावतात, बटणं दाबत बसतात. बरं वाटतं त्यांना. मी सांगायला आले होते तुम्हाला, तुम्ही म्हणालात नंतर बोलू.'

तळपायाची आग मस्तकात गेली. जिला स्वतःचं नाक पुसता येत नाही तिच्यावर ढकलायचं! ती बिचारी 'मी नाही' असं म्हणू शकत नाही म्हणून! मग मी बोलले. खूप बोलले. 'खोटारड्या' म्हणाले. तो शब्द यायला नको होता, पण आला.

बाईंनी पिशवी उचलली. आईच्या केसांवरून हात फिरवला. 'येते, आजी.' माझ्याकडे बघितलंही नाही. दार लागलं तरी आई आ-आ करत राहिली, बराच वेळ.

१० मार्च, मंगळवार

बाई नाहीत. येणारही नाहीत. मालकांनी पंधरा दिवसांची रजा दिली, तोंड वाकडं करून. 'तुमचं नेहमीचंच आहे,' म्हणाले. चौदा वर्षांतली चौथी रजा आहे ही!

११ मार्च, बुधवार

अंघोळ, कपडे, गोळ्या, सूप, थुंकणं, पुसणं, चादर, पुन्हा सूप. बाई हे सगळं गुणगुणत करायच्या. मी दात-ओठ खात करते.

दुपारी हात टेकले. तिच्यासमोर स्टूल घेऊन बसले. 'आई, काय हवंय तुला? सांग ना काहीतरी.' तिने पुन्हा तोंडाकडे बोट नेलं. केळं कुस्करून आणलं. डाव्या बाजूने भरवलं, कारण उजवीकडून ओघळतं. वाटी खाली. मी म्हटलं, 'मर मग उपाशी.' हे मी म्हटलं. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

ही माझी आई एकतीस वर्षं टायपिस्ट होती. मराठी टायपिंग. साहेब टरकून असायचे तिला. साहेबांच्या मजकुरात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर तशीच केबिनमध्ये जायची, कागद टेबलावर ठेवायची आणि बोट दाखवून उभी राहायची. घरीही तेच. शाळेत असताना मी मैत्रिणीला पत्र लिहिलं होतं, ते तिने परत लिहायला लावलं. का, तर नावानंतर स्वल्पविराम नव्हता. 'माणसाला हाक मारली की थांबायचं असतं, चिमे. त्याला वळून बघू दे, मग पुढचं बोल.'

मला चिमे म्हणणारी ती एकटीच. दादा 'अगं' म्हणतो, दुकानात सगळे मॅडम म्हणतात. पाच महिने झाले, कोणी चिमे म्हटलेलं नाही. त्याचंसुद्धा मला रडू येत नाही, रागच येतो.

१३ मार्च, शुक्रवार

बाई खरं बोलत होत्या.

सकाळी अंघोळीनंतर आई खिडकीकडे हात करायला लागली. म्हटलं बस बाई एकदाची. खुर्ची तिथे नेली आणि मी स्वयंपाकघरात गेले. जरा वेळाने टकटक ऐकू आली. येऊन दारातून बघितलं. आई तिरकी बसलेली, तोंड खिडकीच्या बाजूच्या भिंतीकडे. स्क्रीनकडे ढुंकूनही बघत नव्हती. डावा हात कीबोर्डवर. एक बटण, मग थांबायचं. मग हात पार उजव्या टोकाला. पुन्हा परत. स्क्रीनवर एफ. पी. ई. एस.

माझा चौथा धडा उघडा होता! काचेच्या जाडीचं उत्तर, दीड तास खपून लिहिलेलं, त्याच्या मधोमध एफपीईएस! मी तोंड उघडायच्या आत करंगळी आणि मधलं बोट एकदम दाबून तिने ते सेव्हसुद्धा केलं.

एक क्षण वाटलं, लिहितेय का ही? खरं सांगते, वाटलं. जवळ जाऊन वाचायला बघितलं. मोबाइलवर मी लिहिते तसं लावलं — एन, के, आर. नकर? नकार? कसला नकार? पुढे एन क्यू. मराठीत क्यू कुठे असतो? आणि मधेच कंस कशाला? काहीही लागेना. हिला खरंच काही लिहायचं असतं तर चार सरळ अक्षरं मारली नसती का? एकतीस वर्षं हेच केलं ना?

मग राग परत आला, दुप्पट. चाळा आहे नुसता. बोटांना सवय राहिली, बाकी काही राहिलं नाही.

बाईंना फोन करायला हवा. माफी मागायला हवी. उद्या करते.

१४ मार्च, शनिवार

कीबोर्डची वायर काढली. कपाटात टाकला, किल्ली फिरवली. धडा लिहायचा तेव्हा काढीन. आईने जो आवाज काढला तो मी कधी ऐकला नव्हता. शेजारीण आली नाही या वेळी. सवय झाली असेल तिलाही.

दुपारी बघते तर चादरीवर बोटं चालू. तीच. तशीच थांबून थांबून. मी हात धरला. माझ्या तळव्यात चालूच! 'बस म्हटलं ना!' जोरात दाबून धरला. सोडला तेव्हा मनगट लाल झालं होतं. तिने हात मागे घेतला नाही, माझ्याकडे बघत राहिली. लिहायला लाज वाटते, पण झालं ते झालं.

बाईंना फोन केला नाही.

१५ मार्च, रविवार

शून्य फाइली. जिंकले मी.

१७ मार्च, मंगळवार

दादाने अर्ज पाठवला. चार पानं. कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला. नाव, वय, आजार, औषधं, पडते का, रात्री उठते का, मारते का. 'मारते का'पुढे 'कधीकधी' लिहिलं. कोण कोणाला ते विचारलेलं नाही.

सातवा प्रश्न — 'व्यक्तीस स्वतःची गरज इतरांना सांगता येते काय?' हो आणि नाही, दोन चौकोन. 'नाही'वर खूण केली. शाईने.

संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले, त्यांचाही शेरा लागतो. 'आजी, ही बोटं किती? सांगा बघू, किती?' पाळण्यातल्या बाळाशी बोलावं तसं. चष्म्याशिवाय तिला बोटं दिसली तरी असतील का कोण जाणे. आईने तोंड फिरवलं. पुन्हा विचारलं, पुन्हा फिरवलं. आधी असतं तर तिने त्यांनाच घड्याळात किती वाजले ते विचारलं असतं. छाती बघितली, रक्तदाब बघितला, 'समज नाही' असं लिहिलं आणि गेले. साडेचार मिनिटं.

मला त्या माणसाच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. का? मी स्वतःच खूण केलीय की. मग?

१८ मार्च, बुधवार

चौथा धडा परत आला. रागाच्या भरात मधलं एफपीईएस पुसायचं राहूनच गेलं होतं. शेरा — 'उत्तरात असंबद्ध अक्षरे आढळली. पुन्हा सादर करावे.' छान.

२० मार्च, शुक्रवार

डाव्या कुशीवर झोपवलं की तळमळते. उजव्या कुशीवर झोपवायला डॉक्टरांची मनाई. उताणी ठेवली तर खोकते. मग मी काय करू, उभी झोपवू?

तिचे कपडे काढून ठेवले. सहा गाऊन, दोन शाली, कंगवा. निवासात कपड्यांवर नाव लिहून द्यावं लागतं. मार्करने लिहीत बसले. तिचं नाव लिहिताना अक्षर नीट येईना. तिने बघितलं असतं तर पुन्हा लिहायला लावलं असतं.

चादरीवर तिची बोटं चालू होती. आज मी धरली नाहीत.

२१ मार्च, शनिवार

दादा आणि वहिनी आले. दादा म्हणाला, 'मी भरवतो, तू बस, तुला जमत नाही.' बाही दुमडून बसला. 'आई, आ कर, शहाणी ना तू?' दुसऱ्या चमच्याला त्याच्या शर्टावर, चष्म्यावर, केसांत. वहिनी धावत फडकं घेऊन आली. मला हसू आलं. किती दिवसांनी आलं! मग दादा नळाशी उभा राहून शर्ट धूत म्हणाला, 'कसं सांभाळलंस तू पाच महिने, कमाल आहे तुझी.' तिथेच हसू गेलं. आता म्हणतोय. पाच महिने फोनवर काय म्हणत होता?

'हाताची सारखी चुळबुळ करते गं,' वहिनी म्हणाली. 'तिथे बांधून ठेवतात का असं असलं की?' विचारून मोकळी झाली. दादा शर्ट पिळत राहिला.

उद्या दुपारी दोनला गाडी येणार. सही उद्या करते म्हटलं.

२२ मार्च, रविवार, सकाळ

कार्बनमावशींचा फोन. आईच्या ऑफिसात शेजारच्या मशीनवर बसायच्या. बोटांवर कायम कार्बन पेपरचे निळे डाग, म्हणून लहानपणी मी आणि दादाने ठेवलेलं नाव. आता लेकीकडे असतात, लांब. गुडघ्यांमुळे येता येत नाही. 'आज नेताय ना गं तिला?' म्हणाल्या, आणि माझा बांधच फुटला. थुंकणं, डॉक्टर, बाई, कीबोर्ड, सगळं सांगितलं. त्यांच्यावर ओरडल्यासारखंच सांगितलं. 'आणि लिहिते काय ठाऊक आहे? एफ पी ई एस! महिनाभर एवढंच बडवत होती. एफ पी ई एस!'

पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

मग त्या म्हणाल्या, 'पुढे कंस असतो का? बंद होणारा?'

मी कंसाचं त्यांना सांगितलंच नव्हतं.

'आणखी काय असतं? सावकाश सांग. एकेक अक्षर.' कुठून सांगणार? सगळं मीच पुसलं. मग आठवलं. ही वही काढली, पाच तारखेचं पान उघडलं आणि वाचून दाखवलं. एन के आर, जागा, एन क्यू, उघडा कंस. मधेच त्यांनी थांबवलं. 'असं तोंडी नाही येत गं मला आता. ते हातांना ठाऊक असतं. टेबलावर हात ठेवून बघते. तू ठेव फोन, करते मी.'

दादा बाहेरून हाका मारतोय, सही राहिलीय म्हणून. राहू दे. सगळ्यांनाच वेड लागलंय आज.

२२ मार्च, दुपार

मावशींचा फोन आला. रडत होत्या. म्हणाल्या, टाइपरायटरचं मराठी आहे ते. ऑफिसात शेवटी कॉम्प्युटर आले तेव्हाही बटणं तीच ठेवली होती. फॉन्ट काढून टाकला की तेच इंग्रजी होऊन दिसतं. 'एफ म्हणजे पहिली वेलांटी, ती मशीनवर आधी मारायची. पी म्हणजे च. ई म्हणजे म. एस म्हणजे मात्रा. आणि तो कंस म्हणजे स्वल्पविराम.'

चिमे,

खालची ओळ त्यांनी एका दमात वाचली. दात दुखतो. डावा. खालचा.

'अशा किती होत्या गं?' त्यांनी विचारलं. मी फोन ठेवून दिला.

दादा पेन घेऊन दारात उभा होता. त्याला बाजूला सारलं. पर्समधली दुकानातली छोटी टॉर्च घेतली. पलंगाशी खाली बसले.

'आई,' म्हटलं, आणि थांबले. ती वळली.

'दात?'

तिने तोंड उघडलं.